रुईवरचा नाकतोडा बाभळीवर का जात नाही?

बापू, धाराशिव जिल्ह्याचे आठ तालुके तू घडाघडा म्हणून दाखवतोस. ताईला तर नद्याही पाठ आहेत. बालाघाटाच्या एका अंगाला पडलेला पाऊस तेरणा-मांजरेतून गोदावरीला मिळतो आणि दुसऱ्या अंगाचा सीना-बोरीतून भीमेला. शाबास! पण आपल्या बांधावरचे किडे भूगोल लिहायला बसले, तर त्यात भूम नसेल, परंडा नसेल, उमरगाही नसेल. त्यांच्या नकाशात एक रुईचा मुलूख असेल, एक बाभळीचा, एक उंबराचा, एक तुरीचा. रुईच्या मुलखातला रहिवासी बाभळीच्या मुलखात पाय ठेवणार नाही, मग ती बाभूळ चार हातांवर का असेना. आणि हे मुलूख सलगही नसतात. एक झुडूप बांधावर, दोन ओढ्याकाठी, पुढचं थेट एसटी स्टँडच्या मागच्या उकिरड्यावर. मधली सगळी जागा त्या किड्याला परकी.

रुई तुम्हाला ठाऊकच आहे. शनिवारी मारुतीच्या गळ्यात जिच्या पानांची माळ असते ती. आपली उस्मानाबादी शेळी काटे चुकवत बाभळीचा पाला ओरबाडते, बोरीची डहाळी सोलते, भिंतीवरचं निवडणुकीचं पोस्टर सापडलं तर तेही चघळते. रुईजवळ आली की मात्र सहसा मान वळवून पुढं जाते. रुईचं पान तोडलं की पांढरा चीक गळतो आणि त्या चिकात हृदयाचे ठोके बिघडवणारं विष असतं. चरणाऱ्या जनावरांनी टाकलेलं हे झुडूप म्हणून तर पडीक रानात, उन्हाळ्यातसुद्धा, हिरवंगार उभं असतं.

आता त्याच झुडपापाशी जरा उकिडवे बसा. पानाच्या कडेला एक बोटभर लांबीचा नाकतोडा दिसेल. निळसर हिरव्या अंगावर पिवळे पट्टे. एवढा भडक की कुणी रंगाचा ब्रश घेऊन बसलं होतं का, असं वाटावं. त्याची पिल्लं फिकट पिवळी, अंगावर काळ्या-तांबड्या ठिपक्यांची नक्षी. एरवी नाकतोडे गवतात गवतासारखे आणि मातीत मातीसारखे होऊन लपतात. हा मात्र उघड्यावर बसतो आणि तुम्ही जवळ गेलात तरी घाई करत नाही. चिमटीत धरायला जाल तर पिल्लू अंगातून एक चिळकांडी मारतं, ती बोटांवर येते. रुईचं विष पचवून त्यानं स्वतःच्या अंगात साठवलेलं असतं. ज्या पाखरानं एकदा त्याला चोचीत धरलं, ते त्या पिवळ्या-निळ्या रंगाला पुन्हा शिवत नाही. म्हणजे तो भडकपणा ही धमकी आहे.

ताई विचारते, मग हा बाभळीवर गेला तर काय बिघडेल? बिघडेल असं की तिथं त्याची सगळी शिल्लक वाया जाईल. बाभळीच्या पाल्यात तुरट द्रव्यं असतात. ती पचवायला वेगळी आतडी लागतात, वेगळे पाचक रस लागतात. रुईचं विष पचवायची कला ज्या घराण्यानं लाखो वर्षं घासून मिळवली, त्यानं बाभळीचा अभ्यास केलेलाच नाही. फारच उपासमार झाली तर हा नाकतोडा दुसरा पाला तोंडात घेतो, नाही असं नाही. पण त्याची खरी वाढ होते ती रुईवरच.

त्याच रुईवर एक फुलपाखरूही राहतं. नारिंगी पंख, टोकाशी काळं, त्यावर पांढरे ठिपके. मराठीत त्याचं नाव बिबळ्या कडवा. त्याची मादी कशी वागते ते नीट बघण्यासारखं आहे. ती झुडपावर घिरट्या घालते, पानावर टेकते आणि पुढच्या पायांनी पानावर टकटक करते. फुलपाखराला पायांनी चव कळते. चव पटली, तर पोट वाकवून पानाच्या खाली एक अंडं चिकटवते आणि उडून जाते. एका जागी एकच. त्यातून निघालेली अळी काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची, पाठीवर काळ्या तंतूंच्या तीन जोड्या. ही अळी जेवायच्या आधी पानाच्या शिरा कुरतडते, म्हणजे चीक तिथूनच गळून जातो. मग पुढचा भाग ती निवांत खाते. कुणी शिकवलं तिला? कुणीच नाही. ज्यांना हे जमलं नाही त्यांचं तोंड चिकानं चिकटलं, त्यांची पिल्लावळ पुढं चालली नाही.

बिबळ्या कडवा संथ उडतो, कारण त्याला भीती नाही. आणि त्याच्या या निर्भयपणावर डल्ला मारणारं एक दुसरं फुलपाखरू आपल्याच रानात आहे. त्याचा नर काळा, पंखांवर जांभळी कड असलेले पांढरे मोठे ठिपके. मादी मात्र हुबेहूब बिबळ्या कडव्यासारखी नारिंगी! तिच्या अंगात विषाचा थेंब नाही. तिची अळी खाते घोळ, तीच घोळ जिची आजी ज्वारीच्या भाकरीबरोबर भाजी करते. म्हणजे बघा, पोसली घोळीवर आणि दरारा रुईचा. पण हे नाटक कुठं चालतं? जिथं बिबळ्या कडवे भरपूर आहेत आणि पाखरांनी एकदा तरी त्यांची कडू चव घेतलेली आहे, तिथंच. या बाईला घोळ तर हवीच, वर शेजारी रुईही हवी. एका किड्याचा मुलूख ठरवायला दोन झाडं लागली.

हे सगळं शोधलं कुणी? ज्यांनी अळ्या डब्यात पाळल्या त्यांनी. एडवर्ड हॅमिल्टन एटकिन नावाचा एक साहेब 1851 साली आपल्या साताऱ्यात जन्मला. नोकरी मिठाच्या आणि जकातीच्या खात्यात, पण जीव सगळा किड्या-पाखरांत. 1883 साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी सुरू झाली, तिच्या संस्थापकांत तो होता. पुढं कारवारकडं तो, डेव्हिडसन नावाचे एक मुलकी अधिकारी आणि बेल नावाचे एक जंगल अधिकारी, असे तिघं जमले. फुलपाखरू जाळीत पकडून टाचणीवर लावण्यात त्यांना तेवढा रस नव्हता. ते अंडी-अळ्या शोधत, त्या कोणत्या झाडावर मिळाल्या ते टिपत, तोच पाला घालून वाढवत आणि कोषातून कोण बाहेर येतं ते बघत. त्यांनी 1896 साली उत्तर कानडा जिल्ह्यातल्या फुलपाखरांवर लिहिलं तेव्हा प्रत्येक अळीच्या नावापुढं तिचं झाड आलं. पुढं 1964 साली अमेरिकेत एर्लिक आणि रेव्हन या दोघांनी अशाच नोंदी जगभरातून एकत्र करून दाखवलं की झाडांची कुळं आणि फुलपाखरांची कुळं एकमेकांशी झुंजत-झुंजतच घडत गेली. झाड नवं विष शोधतं, एखादी अळी ते पचवायला शिकते, मग ते अख्खं कुळ तिच्या लेकरांना मोकळं होतं.

किड्याला ही कुळं कशी कळतात, त्याचा दाखला शाळेच्या कंपाउंडला आहे. तिथं उंच, सरळ, लोंबत्या पानांचे अशोक लावलेत ना? त्या झाडाचं आणि सीताफळाचं कूळ एकच. बघून कुणाला पटणार नाही. मलाही वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकाशिवाय पटलं नसतं. पण काळ्या पंखांवर पोपटी ठिपक्यांचं, चपळ, एका जागी न ठरणारं एक फुलपाखरू असतं, त्याच्या अळीला दोन्ही झाडं चालतात. त्यामुळं डोंगरातल्या सीताफळावरचं हे फुलपाखरू शहरांच्या बागांत आणि शाळांच्या मैदानांवरही फिरतं.

मात्र एक घोटाळा करू नका. झाड आहे म्हणजे किडा असणारच, असं नाही. महाराष्ट्रानं 2015 साली नीलवंत या फुलपाखराला राज्य फुलपाखरू केलं. काळे मखमली पंख, त्यावर निळी झाक, तळहाताहून मोठा. त्याची अळी लिंबाच्या कुळातली पानं खाते. लिंबू तर आपल्या परसात आहे, बेलही देवळापाशी आहे. तरी नीलवंत इकडं सहसा फिरकत नाही, कारण त्याला ओल लागते, दाट सावली लागते. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि आपल्याकडं सातशे-साडेसातशेच्या आसपास, तोही लहरी. आपल्या लिंबावर मग कोण? त्याचाच चुलतभाऊ, पिवळ्या-काळ्या चौकटींचं साधं लिंबाळी फुलपाखरू. त्याची लहान अळी पाखराच्या विष्ठेसारखी दिसते. मोठी झाली की हिरवी होते, आणि डिवचलीत तर डोक्यामागून लाल शिंग काढून घाण वास सोडते. आजी कढीपत्ता तोडताना मधूनच ‘अगं बाई’ म्हणते ते हिच्यामुळं.

आता बाभळीकडं येऊ. तिचं राज्य पावसाळ्यात बघावं. हिरव्यागार, आरशासारख्या चकचकीत पाठीचे भुंगे तिच्या पाल्यावर जमतात. पोरं ते काडेपेटीत घालून वर बाभळीचा पाला ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी काडेपेटीत तांदळाच्या दाण्यासारखी अंडी! आमच्या वेळी वर्गात निम्म्या पोरांच्या खिशात अशी काडेपेटी असे. या भुंग्यांच्या पंखांची टरफलं पूर्वी राजेरजवाड्यांच्या वस्त्रांवर टाचत असत, कारण त्यांचा रंग उडत नाही. तो रंग नसतोच मुळी. टरफलाच्या अतिपातळ थरांतून उजेड परतताना हिरवा होऊन येतो.

काही किड्यांना एका झाडानं भागत नाही, त्यांना दोन मुलूख लागतात. हुमणी घ्या. वळवाचा पहिला दमदार पाऊस झाला की त्या संध्याकाळी, दिवेलागण होऊन गेल्यावर, कडुनिंबाखाली उभे राहा. आधी जमिनीतून भुणभुण ऐकू येईल. मग तपकिरी भुंगेरे मातीतून डोकं वर काढतील आणि थेट झाडावर. कडुनिंब, बाभूळ, बोर ही त्यांची आवडती. रात्रभर पाला खातात, जोड्या जमतात आणि पहाट व्हायच्या आत सगळे पुन्हा जमिनीत. सकाळी झाडाखाली नुसता पाल्याचा चुरा. मादी मातीत अंडी घालते, त्यातून निघते ती पांढरी, अर्ध्या चंद्रासारखी वळलेली अळी. ती पाला खात नाही, मुळ्या खाते. ऊस, सोयाबीन, भुईमूग. ढोकीच्या साखर कारखान्याच्या पट्ट्यातल्या कुठल्याही ऊसवाल्याला हुमणी म्हटलं की कपाळावर आठ्या येतात. उसाचं बेट हातानं उपटून येतं, खाली मूळच नाही. अळी वाढते, मातीतच कोष करते, त्यातून भुंगेरा होतो आणि तो तसाच पडून राहतो, पुढच्या वळवाची वाट बघत. जिथं नुसता ऊस आहे पण रात्रीच्या जेवणाला झाड नाही, तिथं हिचं बस्तान नीट बसत नाही. जिथं नुसती झाडं आहेत आणि खाली मऊ, मुळ्यांनी भरलेली जमीन नाही, तिथंही नाही. बांधावर कडुनिंब आणि आत ऊस, हा आपण तिच्यासाठीच मांडलेला संसार. म्हणून कृषी खात्याचे लोक सांगतात की पहिल्या पावसानंतरच्या रात्री फांद्या हलवा, खाली पडलेले भुंगेरे गोळा करून रॉकेलच्या पाण्यात टाका. झाड तोडा, असं कुणी शहाणा सांगत नाही.

त्याच दिवसांत मातीवर मखमली लाल मिरगाचा किडा चालताना दिसतो. बापूनं त्याचे पाय मोजले, आठ भरले. बरोबर मोजलेस. किड्याला सहा पाय असतात, म्हणून तो किडा नव्हेच. तो कोळी-विंचवांच्या गोतावळ्यातला. त्याच्या पिल्लाला मात्र सहाच पाय, आणि ते पिल्लू नाकतोड्यासारख्या किड्यांच्या अंगाला चिकटून त्यांचा रस पितं. तेव्हा त्याचा मुलूख म्हणजे झाड नाही, दुसऱ्याचं अंग!

येडशीच्या घाटाकडं जाऊ या. रामलिंगाच्या देवळाभोवतीचं रान 1997 साली अभयारण्य झालं. साधारण 22 चौरस किलोमीटर. फार मोठं नाही. सह्याद्रीची माणसं बघून म्हणतील, हे कसलं जंगल? उन्हाळ्यात सगळी पानं झाडून उघडं पडतं. पण पानझडी रानात किड्यांचं वेळापत्रक वेगळं असतं. वर्षातले बरेच महिने ते अंडी, कोष, सुप्त अळी होऊन काढतात आणि पावसाच्या तीन-चार महिन्यांत आयुष्य उरकतात. मे महिन्यात तिथं जाऊन ‘इथं काही नाही’ म्हणणाऱ्यानं सप्टेंबरात यावं.

बालाघाटाच्या या उतारांवर सीताफळ आपोआप वाढतं. कारण तेच, रुईचं. शेळ्या त्याचा पाला खात नाहीत. मूळचं हे झाड अमेरिकेतलं, पण आता इतकं आपलं झालंय की खरं वाटत नाही. त्याच्या फुलाची गंमत जवळून बघा. फूल हिरवट, तीन जाड पाकळ्यांचं, खाली मान घातलेलं. त्यावर मधमाशी येत नाही. मध नाही, रंग नाही. फूल आधी मादी असतं. पाकळ्या जेमतेम फटीएवढ्या उघडतात, आतला स्त्रीकेसर ओलसर, चिकट असतो आणि पिकल्या फळासारखा वास सुटतो. त्या वासानं तिळापेक्षा जरा मोठे भुंगे फटीतून आत शिरतात. एरवी हे भुंगे सडलेल्या फळांत राहणारे. काही तासांनी फूल आपलं रूप बदलतं. मादीपण संपतं, पाकळ्या सुटतात, परागकोश फुटतात आणि भुंग्यांच्या अंगावर परागाची पावडर पडते. ते उडून दुसऱ्या, अजून मादी असलेल्या फुलात शिरतात. झालं काम. एकाच फुलात नर आणि मादी वेगवेगळ्या वेळी, म्हणून भुंगा नसेल तर फळ फार कमी धरतं.

आता शेतकऱ्यांची अडचण ऐका. चकाचक ठेवलेल्या बागेत पडलेली फळं, पाला, कचरा सगळा उचललेला असतो. या भुंग्यांची पिल्लं वाढायची कुठं? सडक्या फळात. ते नाही, तर भुंगा नाही. भुंगा नाही, तर फळ नाही. मग बागवाले सकाळी बाटलीत पराग आणि हातात बारीक ब्रश घेऊन एकेका फुलाला हातानं पराग लावतात. डोंगरातल्या सीताफळाला मजूर लागत नाही, कारण त्याच्याखालची सडकी फळं कुणी उचललेली नसतात.

आता उंबर. उंबराचं फूल कुणी पाहिलंय? दिसणार कसं, ते फळाच्या आत असतं. आपण ज्याला फळ म्हणतो ती शेकडो बारीक फुलांची बंद पिशवी. देठाच्या विरुद्ध टोकाला बारीक छिद्र असतं. मुंगीपेक्षाही लहान गांधीलमाशीची मादी त्यातून आत घुसते. रस्ता इतका अरुंद की तिचे पंख तिथंच तुटतात. आत ती काही फुलांत अंडी घालते, काहींवर बरोबर आणलेला पराग लावते आणि तिथंच मरते. नर आधी जन्मतात. त्यांना पंख नसतात. ते माद्यांना आत असतानाच फळवतात, बाहेर जायचं भोक कोरतात आणि संपतात. मग माद्या पराग घेऊन बाहेर पडतात. उंबर फोडल्यावर उडतात ती केंबरं हीच. आता तिच्याजवळ एखाद-दोन दिवसांचंच आयुष्य, आणि तेवढ्यात योग्य अवस्थेतली कोवळी फळं असलेलं दुसरं उंबर सापडायला हवं. वड नको, पिंपळ नको, उंबरच. वडाची गांधीलमाशी वेगळी, पिंपळाची वेगळी.

बापू म्हणतो, आपल्याकडं तर एक उंबर या ओढ्याला आणि दुसरं कोसभर लांब, मग तिला सापडतं कसं? वारा. ती उंच जाते आणि स्वतःला वाऱ्यावर सोडते. वास आला की खाली उतरते. आफ्रिकेत नामिबियाच्या वाळवंटात उगाब नदीकाठी उंबराच्याच जातकुळीतली झाडं विरळ उभी आहेत. तिथं शास्त्रज्ञांनी झाडांच्या आणि बियांच्या वंशखुणा जुळवून पाहिल्या आणि 2009 साली दाखवून दिलं की या एवढ्याशा माशीनं पराग 160 किलोमीटरपर्यंत नेला होता. येडशीहून पार नगर जिल्ह्यात जाण्याएवढं अंतर! म्हणजे उंबराचा मुलूख विरळ असला तरी तिच्या लेखी तो एकच आहे.

कधीकधी माणूसच या नकाशात हात घालतो. दख्खनमधल्या कित्येक गावांना एके काळी फड्या निवडुंगाचं कुंपण असे. निवडुंगही अमेरिकेतला. 1795 साली ईस्ट इंडिया कंपनीच्या लोकांनी ब्राझीलमधून त्यावर जगणारा एक पांढऱ्या कापसासारखा दिसणारा किडा भारतात आणला. त्याला चिरडलं की लाल रंग निघतो. स्पेनवाले तो रंग विकून गब्बर झाले होते. कंपनीनं आणला मात्र भलताच भाऊ. रंग सुमार निघाला, पण एका जातीचा निवडुंग त्यानं फस्त केला. दुसऱ्या जातीचा निवडुंग वाढतच राहिला, शेतं गिळत राहिला. मग 1926 साली सिलोनहून त्या जातीवरचा किडा मुद्दाम आणून सोडला. त्यानं दक्षिणेतला निवडुंग असा साफ केला की लोक बघत राहिले. आणि निवडुंग संपला तसा तो किडाही बहुतेक ठिकाणी संपला. खाणं संपल्यावर त्याला दुसरीकडं तोंड मारता आलं नाही, हेच त्याचं मोल.

गाजरगवताची गोष्ट तशीच, पण अर्धवट. 1955 च्या सुमारास पुण्यात ते पहिल्यांदा नजरेस आलं आणि बघता बघता परंड्यापासून उमरग्यापर्यंत एक बांध सोडला नाही. 1984 साली मेक्सिकोतला एक भुंगेरा त्यावर सोडण्यासाठी बंगळुरूला आणला. पिवळसर पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा. पावसाळ्यात तो गाजरगवताची पानं चाळणी करतो आणि थंडी-उन्हाळ्यात जमिनीत झोपतो. आपल्याकडं परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडून तो शेतकऱ्यांना मिळतो. मध्यंतरी कर्नाटकात ओरड झाली की हा सूर्यफूलही खातो. तपासलं तेव्हा कळलं, गाजरगवताचा पराग उडून सूर्यफुलाच्या पानांवर बसला होता. त्या चवीला फसून त्यानं पानं कुरतडली होती. पण माझ्या मते या भुंगेऱ्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. गाजरगवत बारा महिने उगवतं आणि हा गडी चारच महिने कामाला.

आणि सोयाबीन? तुमच्या पणज्यानं हे पीक पाहिलंही नव्हतं. तेव्हा खरिपात उडीद, मूग, तूर, बाजरी अशी मिसळ पेरत. आता कळंब-वाशीकडं जा, नजर पोचेल तिथवर एकच हिरवा रंग. मूळचं चीनचं हे पीक, पण डाळींच्याच कुळातलं. आपल्या उडीद-मुगावरच्या किड्यांनी त्याला लगेच ओळखलं. चक्रीभुंगा काय करतो ते एकदा वाकून बघा. मादी देठावर किंवा खोडावर दातांनी एक गोल खाच पाडते, थोडं अंतर सोडून दुसरी, अगदी मापात. मधल्या भागात पिवळसर लांबट अंडं घालते. खाचांमुळं वरचा रस तुटतो, वरचं पान मान टाकतं आणि अळी खोड पोखरत खाली सरकते. एवढं नाजूक काम करणाऱ्या किड्याला पूर्वी एक ताटवा उडदाचा, मग बाजरीचे दहा तास, मग पुन्हा थोडा मूग, असं शोधत फिरावं लागे. आता त्याला उडायचीसुद्धा गरज नाही. त्याचं रान आम्ही शेतकऱ्यांनी सलग करून दिलं.

घाटेअळीची तऱ्हा उलटी. तिला हरभरा चालतो, तूर चालते, कापूस, टोमॅटो, सूर्यफूल, ज्वारीचं कणीससुद्धा. जे खाईल त्या मानानं रंग. कधी हिरवी, कधी तपकिरी. घाट्यात डोकं खुपसून, निम्मं अंग बाहेर ठेवून जेवते, हीच तिची चूक. हरभऱ्यात म्हातारी माणसं मूठभर ज्वारी टाकत ती याचसाठी. ज्वारीची ताटं उंच वाढली की त्यावर कोतवाल आणि साळुंक्या बसतात आणि बाहेर राहिलेलं ते निम्मं अंग उचलतात. आता कागदावर त्यालाच पक्षीथांबा म्हणतात.

राहिला तुमच्या काकाच्या शेडमधला किडा. रेशमाची अळी. हिचा मुलूख सगळ्यांत विचित्र, कारण तो रानात कुठंच नाही. हजारो वर्षं माणसानं पाळून तिच्या पतंगाला उडता येईनासं झालंय. तुतीच्या झाडावर सोडली तरी ती जगणार नाही. मुंग्या, पाखरं दोन दिवसांत संपवतील. पाला मात्र तुतीचाच. तुती तोडली की तिलाही चीक येतो आणि 2006 साली जपानी शास्त्रज्ञांना त्यात साखरेचं सोंग घेतलेली विषारी द्रव्यं सापडली. दुसऱ्या अळ्या तुतीच्या पानावर सोडल्या तर खंगतात, ही एकटी धष्टपुष्ट होते. अंडीपुंजातून निघते तेव्हा केसाएवढी. चॉकीत, म्हणजे बाळपणीच्या संगोपनात, कोवळा पाला खाऊन, चार वेळा कात टाकून, पंचवीस-सव्वीस दिवसांत तिचं वजन सुमारे दहा हजार पट वाढतं. मग चंद्रिकेवर, म्हणजे कोषासाठी ठेवलेल्या जाळीवर, चढून कोष विणते. एका कोषातला धागा उलगडला तर हजार मीटरच्या आसपास भरतो. पूर्वी कोष विकायला कर्नाटकात रामनगरला जावं लागे. 2018 पासून जालन्यालाच बाजार झालाय.

ताई, तू विचारलंस ना, काका शेजाऱ्याशी परवा बांधावर का भांडत होता? शेजारी सोयाबीनवर चक्रीभुंग्यासाठी औषध फवारत होता आणि वारा तुतीकडं होता. पानावर बसलेला फवारा डोळ्याला दिसत नाही. असा पाला शेडमध्ये गेला की अळ्या तोंडातून हिरवं पाणी टाकतात, अंग आखडतात आणि अख्खी बॅच जाते. औषधाला हा किडा त्या मुलखाचा आणि तो या मुलखाचा, एवढं कळत नाही. आता दोघांचं असं ठरलंय की फवारणीच्या आदल्या संध्याकाळी शेजाऱ्यानं फोन करायचा, काकानं दोन दिवसांचा पाला तोडून ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवायचा आणि मधल्या बांधावर शेवग्याची दाट ओळ लावायची. रोपं काकानं आणायची, खड्डे शेजाऱ्यानं घ्यायचे.